रजिस्ट्री क्लीनर

रजिस्ट्री क्लीनर : विंडोज संगणकाच्या रजिस्ट्रीतील निरुपयोगी वाटणाऱ्या नोंदी शोधून पुसणारे सॉफ्टवेअर. जुना, मंदावलेला संगणक यामुळे पुन्हा वेग घेतो असा विक्रेत्यांचा दावा असतो आणि दुरुस्तीच्या दुकानांत ‘सर्व्हिसिंग’च्या नावाखाली ते आजही चालवले जाते. रजिस्ट्रीची रचना पाहिली तर हा दावा टिकत नाही. फायदा मोजता येऊ नये इतका किरकोळ, तोटा क्वचित होणारा पण झाला तर चांगलाच महागात पडणारा, असा हा व्यवहार आहे. आणि ज्या जुन्या संगणकांसाठी तो सुचवला जातो, तिथेच तो सर्वांत आतबट्ट्याचा ठरतो.

रजिस्ट्री म्हणजे विंडोज, तिच्यावर चालणारी सॉफ्टवेअर आणि जोडलेली यंत्रे यांच्या सेटिंग्जचे सामायिक भांडार. विंडोज ३.१ मध्ये (१९९२) ती एका छोट्या फाइलीपुरती होती. बहुतेक सेटिंग्ज तेव्हा आयएनआय फाइलींत विखुरलेल्या असत. विंडोज ९५ ने हा कारभार सिस्टिम.डॅट आणि यूजर.डॅट या दोन फाइलींत एकवटला. एनटी घराण्यातल्या, म्हणजे आजच्याही विंडोजमध्ये रजिस्ट्री ‘हाइव्ह’ नावाच्या अनेक फाइलींत असते. सॉफ्टवेअर काढून टाकले तरी त्याच्या काही नोंदी मागे राहतात, हे खरेच. पण त्या राहिल्या म्हणून संगणक का मंदावेल? रजिस्ट्री कोणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत बसत नाही. सॉफ्टवेअर हवी ती नोंद तिच्या पूर्ण मार्गासह मागते, प्रत्येक पातळीवरच्या शाखा नावानुसार क्रमाने लावलेल्या असतात आणि यादी दुप्पट झाली तरी शोधात जेमतेम एका तुलनेची भर पडते. जागेचे म्हणाल, तर एका नोंदीला अडीचशे बाइट धरले तरी हजार नोंदी मिळून अडीचशे किलोबाइटच्या आसपास होतात. मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो याहून मोठा असतो. शिवाय नोंद पुसली म्हणून हाइव्ह लगेच आक्रसत नाही. तिथली जागा फक्त रिकामी म्हणून नोंदली जाते आणि पुढे दुसऱ्या नोंदीसाठी वापरली जाते. म्हणजे ‘साफ’ झालेली फाइल डिस्कवर बहुधा पूर्वीएवढीच असते.

यावर पहिला आक्षेप इतिहासाच्या आधारे घेतला जातो आणि तो वजनदार आहे. हे सगळे थोतांड असेल, तर खुद्द मायक्रोसॉफ्टने एकेकाळी रेगक्लीन नावाचे असेच साधन का दिले होते? कारण त्या काळी अडचण खरी होती. विंडोज ९५ आणि ९८ च्या संगणकांत मेमरी मोजकी असे, रजिस्ट्री बिघडण्याचे प्रकार वारंवार होत, आणि म्हणूनच विंडोज ९८ रोज सुरू होताना रजिस्ट्री तपासून तिच्या पाच प्रती राखून ठेवत असे. विंडोज एनटी आणि २००० मध्ये तर रजिस्ट्री पेज्ड पूल नावाच्या मर्यादित मेमरीत ठेवली जाई आणि तिच्या आकाराला ठरलेली कमाल मर्यादा होती. ती फुगणे तिथे खरोखर घातक होते. एक्सपीने (२००१) ही व्यवस्था बदलली. हाइव्हचे लागतील तेवढेच तुकडे मेमरीत आणले जाऊ लागले आणि आकाराची ती मर्यादा निघाली. रेगक्लीन मायक्रोसॉफ्टने पुढे मागे घेतले. रोग गेला, औषधाची विक्री तेवढी चालू राहिली. आज ‘जुना’ म्हणून दुरुस्तीला येणारा संगणक सहसा विंडोज ७ किंवा १० चा असतो, फार तर एक्सपीचा. म्हणजे तो या बदलानंतरचाच आहे.

दुसरा आक्षेप अनुभवाचा : क्लीनर चालवला आणि फरक पडला. पडलाही असेल, मात्र कशाने ते वेगळे काढून पाहावे लागते. ही सॉफ्टवेअर एकटी रजिस्ट्री क्वचितच साफ करतात. त्याच बटणावर तात्पुरत्या फाइली उडवल्या जातात, संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे चार-दोन प्रोग्राम बंद केले जातात, शेवटी संगणक रीस्टार्ट होतो. भरत आलेल्या डिस्कवर जागा मोकळी होणे आणि सुरुवातीचा भार उतरणे या गोष्टी जाणवतातच. त्यांचे श्रेय मात्र पडद्यावर ठळक अक्षरांत झळकणाऱ्या ‘८१२ चुका दुरुस्त’ अशा आकड्याला मिळते. जुन्या संगणकाची खरी नड बहुधा हार्ड डिस्कची असते. फिरत्या तबकडीची डिस्क विखुरलेली माहिती सेकंदाला साधारण शंभर वेळा वाचू शकते, तर साधी साटा एसएसडी हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. दोन किंवा चार जीबी रॅमच्या संगणकावर विंडोज १० आणि ब्राउझर एकत्र चालवले की रॅममध्ये न मावणारी माहिती सतत याच डिस्कवर ये-जा करते. तिथे रजिस्ट्रीतल्या हजार नोंदी पुसून काय होणार!

आता तोट्याकडे. नोंद निरुपयोगी आहे हे क्लीनरला कळते कसे? बहुतेक वेळा तो एवढेच पाहतो, की नोंदीत लिहिलेली फाइल किंवा तीत उल्लेखलेली दुसरी नोंद जागेवर सापडते का. सापडली नाही तर नोंद ‘अनाथ’ ठरते. पण फाइल बाहेरच्या डिस्कवर असेल आणि ती डिस्क त्या क्षणी जोडलेली नसेल तर? नेटवर्कवरचा फोल्डर बंद असेल तर? एखादे जुने सॉफ्टवेअर मुद्दाम रिकामी नोंद ठेवून तिच्या असण्यावरूनच काही ठरवत असेल तर? या प्रश्नांची उत्तरे फक्त त्या सॉफ्टवेअरच्या कर्त्याजवळ असतात. महाराष्ट्रात एखाद्या डीटीपी केंद्रात युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट आणि पेजमेकर यांच्यासाठी एक्सपीचा संगणक राखून ठेवलेला असतो. फॉन्ट, कीबोर्डची मांडणी, प्रिंटर, हार्डवेअर लॉकचा ड्रायव्हर या सगळ्यांच्या नोंदी रजिस्ट्रीतच असतात. मूळ सीडी हरवलेली आणि कंपनीने मदत थांबवलेली असेल, तर चुकून पुसलेली एक नोंद परत आणणे नव्या संगणकापेक्षा इथे कितीतरी अवघड जाते.

क्लीनर आधी बॅकअप घेतो, हे उत्तर अर्धेच खरे आहे. तो बॅकअप बहुधा रेग फाइलीच्या रूपात असतो आणि संगणक सुरू झाला तरच ती सहज परत घालता येते. बिघाडही लगेच दिसतो असे नाही. वर्षातून एकदा लागणारा अहवाल छापताना तो कळतो, आणि तोवर कोणत्या सफाईत काय गेले याचा माग लागत नाही.

या धंद्याची भिस्त भीतीवर राहिली आहे. वॉशिंग्टन राज्याच्या ॲटर्नी जनरलनी २००८ मध्ये ‘रजिस्ट्री क्लीनर एक्सपी’च्या विक्रेत्यावर दावा लावला, रजिस्ट्री बिघडल्याचे खोटे इशारे लोकांच्या पडद्यावर पाठवून ३९.९५ डॉलरला हे सॉफ्टवेअर गळ्यात मारले जाते, असा आरोप होता. मार्च २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या सायप्रसमधील कंपन्यांनी अशाच फसव्या इशाऱ्यांच्या प्रकरणात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी २ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड केली. सगळे विक्रेते असे नाहीत. सीक्लीनर हे त्यांतले नावाजलेले साधन. पण ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच्या ५.३३ आवृत्तीतच हल्लेखोरांनी चोरवाट घुसवली आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार जणांपर्यंत पोचली. बाधा ३२ बिटच्या आवृत्तीला होती, म्हणजे नेमकी जुन्या संगणकांवर चालणारी. मायक्रोसॉफ्टची अधिकृत भूमिकाही स्पष्ट आहे : रजिस्ट्री क्लीनरच्या वापराला कंपनीचा पाठिंबा नाही आणि त्यातून उद्भवणाऱ्या बिघाडाची जबाबदारी ती घेत नाही.

उरलेल्या नोंदीमुळे खरोखर त्रास होतो अशीही प्रकरणे असतात, ती नाकारण्याचे कारण नाही. काढून टाकलेल्या प्रोग्रामची नोंद सुरुवातीच्या यादीत राहिली, तर दर वेळी ‘मॉड्यूल सापडले नाही’ अशी चौकट येते. अर्धवट निघालेला अँटिव्हायरस दुसरा बसू देत नाही. मात्र अशा वेळी दोषी नोंद कोणती ते माहीत असते किंवा शोधता येते. पहिल्या प्रकारात मायक्रोसॉफ्टचे ऑटोरन्स पुरते. त्यात नोंदीपुढची खूण काढली की ती पुसली न जाता बाजूला ठेवली जाते आणि गरज पडल्यास परत लावता येते. दुसऱ्या प्रकारात त्या अँटिव्हायरसच्या कंपनीचेच काढणी-साधन वापरावे. दोन्हींच्या आधी सिस्टिम रिस्टोअर चालू असल्याची खात्री करावी लागते, कारण पूर्वी विंडोज रेगबॅक फोल्डरात हाइव्हच्या प्रती आपोआप ठेवत असे. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ती सोय मुळात बंद असते आणि फोल्डर उघडला तर शून्य बाइटच्या फाइली दिसतात.