पंचविशी उलटली तरी पिंपल्स जात नाहीत? मेडिकलमधून क्रीम आणण्याआधी हे वाचा

कर्जत : पिंपल्स म्हणजे कॉलेजच्या वयाचा त्रास, लग्न झालं की आपोआप जातात, असं गावागावात सांगितलं जातं. पण तिशी-चाळिशीतही चेहऱ्यावर, पाठीवर पुटकुळ्या येणारे अनेक जण आहेत आणि त्यात महिलांचं प्रमाण जास्त आहे. लग्नाचा आणि पिंपल्सचा काही संबंध नाही. "पोटात उष्णता आहे", "रक्त खराब आहे" या समजुतींनाही आधार नाही. हा त्वचेचा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

पिंपल्स नेमके का येतात?

त्वचेवरच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी तेल तयार करणारी ग्रंथी असते. शरीरातल्या हार्मोन्समुळे तेल वाढतं, मेलेल्या त्वचेने छिद्र बुजतं, आत जंतू वाढतात आणि सूज येते. मोठ्या वयातल्या महिलांना हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला, पाळीच्या आधी जास्त पुटकुळ्या येतात. सोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील किंवा वजन वाढत असेल तर पीसीओएसची तपासणी करून घ्यावी.

आपल्या भागात आणखी काही कारणं दिसतात. खोपोलीच्या कारखान्यांत किंवा गॅरेजवर मशीनच्या तेलाशी काम, हॉटेल-फार्महाऊसच्या किचनमधली वाफ, दिवसभर हेल्मेटचा पट्टा किंवा तोंडाला घट्ट बांधलेला स्कार्फ यामुळे त्रास वाढतो. डोक्याला चोपडलेलं तेल कपाळावर उतरलं की तिथे पुटकुळ्या येतात. काही गोळ्यांमुळेही पिंपल्स येतात, उदाहरणार्थ फिट्सच्या किंवा टीबीच्या काही औषधांमुळे. पण अशी औषधं स्वतःहून बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगावं.

पावसाळ्यात कपाळ, छाती आणि पाठीवर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुळ्या उठल्या तर त्या पिंपल्स नसून बुरशीचा त्रासही असू शकतो. त्याचं औषध वेगळं असतं.

सगळ्यात मोठा धोका : 'गोरं करणारी' ट्यूब

मुलगी बघायला पाहुणे येणार, घरात हळद आहे, म्हणून घाईघाईत मेडिकलमधून किंवा पार्लरमधून एखादी ट्यूब आणली जाते. चार-आठ दिवसांत चेहरा उजळतो, पिंपल्स बसतात. खरी अडचण पुढे सुरू होते. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. महिनोन्‌महिने लावल्यावर त्वचा पातळ होते, लाल पडते, उन्हात आग होते, चेहऱ्यावर केस वाढतात आणि पिंपल्स आधीपेक्षा जास्त येतात. ट्यूब बंद केली की चेहरा भडकतो, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. ही एक प्रकारची सवयच लागते.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही स्टिरॉइडची नावं आहेत. 2018 मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडची 14 मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी घातली. तरीही ती सहज मिळतात. अशी ट्यूब बरेच दिवस लावत असाल तर लाज न बाळगता डॉक्टरांना दाखवा. ती कशी सोडायची हे ते सांगतील.

कंपनीचं नाव, घटक, बॅच नंबर नसलेल्या डब्यातली क्रीम तर लावूच नये. त्यात पारा असू शकतो आणि पाऱ्याने किडनी खराब होते.

खरा उपचार कोणता?

साध्या पिंपल्ससाठी डॉक्टर सहसा बेंझॉइल पेरॉक्साइड आणि रात्री लावायचं अॅडापलीन देतात. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, थोडी चुरचुरते. म्हणून मुगाच्या दाण्याएवढं जेल पूर्ण चेहऱ्याला पातळ लावायचं आणि पहिले काही दिवस एक दिवसाआड वापरायचं. बेंझॉइल पेरॉक्साइडने कपड्याचा, उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, हे लक्षात ठेवा.

फरक दिसायला 6 ते 8 आठवडे लागतात, पूर्ण परिणाम 3 महिन्यांनी कळतो. पंधरा दिवसांत ट्यूब बदलणं ही अनेकांची चूक असते.

पिंपल्स जास्त असतील तर काही महिने अँटिबायोटिक गोळ्या, महिलांना हार्मोनच्या गोळ्या आणि खोल गाठी-व्रण असतील तर आयसोट्रेटिनॉइन दिलं जातं. आयसोट्रेटिनॉइनने पोटातल्या बाळात गंभीर व्यंग येतं. त्यामुळे ही गोळी सुरू असताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भ राहता कामा नये. रक्ताची तपासणीही करावी लागते. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर ही गोळी कधीच घेऊ नये. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर कोणतंही औषध घेण्याआधी डॉक्टरांना आधी ते सांगा.

घरी काय करावं, काय टाळावं?

- दिवसातून दोनदा सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने तोंड धुवा. घासू नका.
- कामावरून घाम, धूळ, तेल घेऊन आल्यावर लगेच अंघोळ करा. स्कार्फ आणि हेल्मेटचं आतलं कापड धुत जा.
- पुटकुळी फोडू नका. त्याने डाग आणि खड्डे पडू शकतात.
- लिंबू, टूथपेस्ट, लसूण, खाण्याचा सोडा चेहऱ्यावर लावू नका. त्वचा भाजते आणि डाग काळे पडतात.
- गोड पदार्थ, कोल्ड्रिंक, मैदा कमी करून बघा. काहींना दुधाने, जिमच्या प्रोटीन पावडरने त्रास वाढतो.
- काळे डाग उन्हाने गडद होतात. भातलावणीला किंवा बाइकवर जाताना डोकं-चेहरा सैल सुती कापडाने झाका, शक्य असेल तर सनस्क्रीन लावा. डाग जायला कित्येक महिने लागतात.

कुठे दाखवायचं?

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून, कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयातून किंवा कशेळे, चौक येथील ग्रामीण रुग्णालयातून करता येते. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. त्वचारोग तज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात हे आधी विचारून जा. मोबाइलवरून ई-संजीवनीवरही डॉक्टरांशी बोलता येतं. मोठा त्रास असेल तर कर्जत-खोपोली लोकलने भायखळ्याला उतरून जे. जे. रुग्णालयाची त्वचारोग ओपीडी गाठता येते. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

दुखणाऱ्या खोल गाठी, खड्डे पडणं, अचानक खूप पिंपल्स येणं यात वेळ घालवू नका. पडलेला खड्डा भरून काढणं अवघड आणि खर्चिक असतं, वेळेत उपचार घेतले तर तो टाळता येतो. आणि पिंपल्समुळे कुणी लग्नकार्याला जाणं टाळत असेल, आरशात बघायचं सोडलं असेल, तर घरच्यांनी थट्टा न करता त्यांना दवाखान्यात घेऊन जावं.