माळेगावचा घोडेबाजार आणि घोड्याची चाल

नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. घोडा घेताना चाल पारखण्याची रीत जुनी. शालिहोत्र परंपरेतील संस्कृत ग्रंथांतही अश्वलक्षणे आणि अश्वरोग येतात. चालताना तोल जाण्यामागे मात्र दर वेळी पायच नसतो; कधी रक्तातला रोग असतो, तर कधी मान. 1880 मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी सर्रा रोगाचे परजीवी घोड्याच्या रक्तात शोधले.

मानेच्या मणक्यांनी मज्जारज्जू दाबला गेल्यास घोडा लहान वर्तुळात फिरताना अडखळतो, मागे सरकताना पाय ओढतो, चालताना शेपूट बाजूला ओढली तर सहज कलंडतो. पुढे क्ष-किरण चित्रांनी दाबाची जागा शोधता येऊ लागली.