शाळेची इमारत : जबाबदारी कोणाची?

शाळेसाठी जागा मिळाली, वर्गणी जमली, पायाभरणी झाली की गावाला धन्यता वाटते, आणि ती वाटणे योग्यच आहे. कोनशिलेवर देणगीदारांची व पाहुण्यांची नावे कोरली जातात. परंतु या छताची हमी कोणी दिली, हे तेथे लिहिलेले नसते. ही हमी कोणाची, हे ठरविण्यासाठी समाजाला फार मोठी किंमत मोजावी लागली आहे.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. २८ ऑगस्ट २०१७ रोजी नगर तालुक्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचे छत पावसात कोसळले आणि तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. भूकंप नव्हता, आग नव्हती. पावसाळ्यातील शाळेचा एक साधा दिवस होता.

अशा वेळी फौजदारी कायदा जागा होतो. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडविल्यास भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ अन्वये दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आले व ही मर्यादा पाच वर्षे झाली. परंतु हा खटला उभा राहतो तो मूल गेल्यावर. आणि तेव्हा ठेकेदार अभियंत्याकडे, अभियंता कार्यालयाकडे आणि कार्यालय निधीकडे बोट दाखविते.

दुर्घटनेआधीच जबाबदारी ठरविण्याचा धडा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९३३ साली घेतला. १० मार्च रोजी लाँग बीच येथील भूकंपात अनेक शाळा पडल्या. वेळ संध्याकाळची, म्हणून वर्ग रिकामे होते. महिन्याच्या आतच ‘फील्ड कायदा’ संमत झाला. सरकारी शाळेचा आराखडा राज्याच्या तज्ज्ञांनी मंजूर करावा आणि बांधकामावर त्यांची देखरेख असावी, असे ठरले. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंपही पहाटे, शाळा बंद असताना झाला. दगडमातीच्या भिंती आणि जड धाबी यांनी झोपेतच हजारोंचा घास घेतला.

भारतात निर्णायक वळण आले ते तमिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेतील आगीनंतर. १६ जुलै २००४ रोजी तेथे ९४ बालके दगावली. त्यानंतर अविनाश मेहरोत्रा यांच्या याचिकेवर १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. शाळांनी राष्ट्रीय इमारत संहिता पाळावी, प्रत्यक्ष तपासणीनंतरच सुरक्षिततेचा दाखला द्यावा, कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी, असे आदेश झाले. त्याच वर्षीच्या शिक्षण हक्क कायद्याने सर्व ऋतूंत टिकणारी इमारत ही मान्यतेचीच अट केली. हे आदेश सरकारी शाळांइतकेच खाजगी संस्थांनाही लागू आहेत.

वाचकहो, निंबोडीची घटना या आदेशांनंतर आठ वर्षांनी घडली. नियम होते, त्या छताखाली मुलांना बसविण्यापूर्वी ‘थांबा’ म्हणणारा कोणी नव्हता. म्हणून दाखला फायलीत असणे पुरेसे नाही.

प्रवराकाठच्या आपल्या कोल्हार परिसरात काळी जमीन आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया उथळ असेल तर भिंतीही तिच्याबरोबर हलतात. तेव्हा प्रत्येक संस्थेने आराखडा, अभियंत्याचा दाखला व दुरुस्तीच्या नोंदी एकत्र जपाव्यात. मृगापूर्वी छत, भिंती व पन्हळी तपासून घ्याव्यात. मुख्याध्यापकाने तडा दिसताच लेखी कळवावे, आणि धोक्याच्या खोलीला कुलूप लावण्याचा अधिकार त्याला व्यवस्थापनाने ठरावाने द्यावा. वर्ग झाडाखाली भरला तर अभ्यास थोडा मागे पडेल. तो भरून काढता येतो.

कोनशिलेवर एक ओळ वाढवावी : आराखडा कोणाचा, देखरेख कोणाची. ज्याचे नाव दगडावर कोरले जाणार आहे, तो सिमेंटचे प्रमाण नक्कीच पाहील.