मंगळावरील चेहरा

नभोवाणीवरील खरखर श्रोत्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. छायाचित्रातही अशी खरखर असते. ती कानांना नव्हे, डोळ्यांना जाणवते. अंकीय छायाचित्र म्हणजे वस्तुतः आकड्यांची मांडणी. प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाचा एक आकडा असतो आणि त्यात यंत्राचे व संदेशवहनाचे दोष मिसळतात. ते वेगळे काढण्याची विद्या आज घरोघरच्या कॅमेऱ्यांत आहे; तिच्या आरंभीच्या कसोट्या मात्र अंतराळयानांच्या चित्रांवर लागल्या.

जुलै १९६५ मध्ये अमेरिकेचे ‘मरिनर ४’ हे यान मंगळाजवळून गेले. त्याच्या एकेका चित्रात २०० ओळी व दर ओळीत २०० ठिपके होते. एक चित्र पृथ्वीवर पोहोचण्यास सुमारे ८ तास लागत. चित्रे फिकट होती. गणकयंत्राने छायाप्रकाशाचा भेद वाढविल्यावर त्यांतील विवरे स्पष्ट झाली. १८७७ मध्ये स्कियापारेल्ली यांनी दुर्बिणीतून पाहून ज्या रेषा रेखाटल्या आणि पुढे ज्यांना लोक कालवे समजले, त्यांचा तेथे मागमूसही नव्हता. अस्फुट ठिपके रेषेने जोडण्याची खोड मानवी डोळ्याची होती.

ती खोड सुटली मात्र नाही. २५ जुलै १९७६ रोजी ‘व्हायकिंग १’ने टिपलेल्या एका टेकडीवर मानवी मुख दिसले. तिरप्या उन्हाच्या सावल्यांनी डोळे व ओठ घडविले होते. संदेशातून गळालेल्या आकड्यांच्या जागी काळे ठिपके उमटले होते. त्यांपैकी एक नेमका नाकपुडीच्या जागी पडला! २००१ मध्ये दुसऱ्या यानाने तीच टेकडी टिपली. पूर्वी एका ठिपक्यात सुमारे ४३ मीटर भूमी मावत होती, आता दीड मीटर. चेहरा नाहीसा झाला, टेकडी उरली.

खरखर घालविण्याचे दोन मार्ग आहेत. एकाच दृश्याची १६ चित्रे घेऊन सरासरी काढली, तर स्वैर चढउतार एकमेकांना छेद देतात आणि खरखर चौथाईवर येते. हा मार्ग अधिक पुरावा मागतो. दुसरा मार्ग शेजारच्या ठिपक्यांवरून हरवलेल्या ठिपक्याचा तर्क करतो. तो उपयुक्त आहे, पण तर्क म्हणजे साक्ष नव्हे. आज यंत्रे न दिसलेले तपशीलही सफाईने भरतात. म्हणून दप्तरात स्वच्छ प्रतीबरोबर मूळ कागद जपतात, तसे मूळ आकडेही जपले पाहिजेत. डागाळलेला कागद पुन्हा तपासता येतो. नाहीसा केलेला कागद कोण तपासणार?