बारा व्होल्टची बॅटरी आणि घुमणारा खर्ज

रोहित्र दिष्ट धारेवर चालत नाही, हे वाक्य आपण वर्गात दरवर्षी सांगतो. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत एका गुणासाठी लिहितात. पण रस्त्यावरून एखादी मोटार जाते तेव्हा काचा बंद असूनही तिच्यातला खर्ज आपल्या छातीत घुमतो. तिच्यातला विजेचा साठा असतो १२ व्होल्टच्या बॅटरीत, आणि बॅटरी दिष्ट धाराच देते. मग एवढा मोठा आवाज निघतो कसा? याचे उत्तर शोधताना मोटारीतल्या विजेचा शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उलगडतो.

मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तोवरच शेजारच्या वेटोळ्यात विभवांतर निर्माण होते, हे त्यातले मर्म. दिष्ट धारा स्थिर असते, म्हणून रोहित्र गप्प बसते. पण ती धारा आपणच मध्ये मध्ये तोडली तर? तर क्षेत्र बदलते आणि रोहित्र जागे होते. मोटारीत याचा उपयोग आवाजाच्या आधी इंजिनासाठी झाला. १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरीवर चालणारी ज्वलनव्यवस्था तयार केली. इंजिनाबरोबर फिरणारा भाग प्राथमिक वेटोळ्यातली धारा नेमक्या क्षणी तोडतो आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्ट निर्माण होऊन ठिणगी पडते.

रेडिओची अडचण निराळी होती. पॉल गॅल्व्हिन यांनी १९३० साली आपल्या मोटारीत रेडिओ बसवला आणि अटलांटिक सिटीच्या रेडिओ-उत्पादकांच्या मेळाव्याला ते ती मोटार घेऊन गेले. ‘मोटोरोला’ हे नाव तिथूनच पुढे आले. त्या काळचे रेडिओ निर्वात नलिकांवर चालत आणि नलिकांना दोनशेच्या आसपास व्होल्टचा दाब लागे. मोटारीची बॅटरी मात्र बहुधा ६ व्होल्टची. म्हणून सुरुवातीला कोरड्या घटांचे वेगळे संच गाडीच्या तळाशी ठेवावे लागत. ते महाग असत आणि संपले की बदलावे लागत.

थोड्याच वर्षांत त्यांची जागा ‘व्हायब्रेटर’ने घेतली. त्याची रचना आपल्या प्रयोगशाळेतल्या विजेच्या घंटेसारखीच. पोलादाची पातळ पट्टी सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा कंप पावे आणि धारा जोडे व तोडे. तोडलेली धारा रोहित्रात जाई, दाब वाढे, आणि मग तिची पुन्हा दिष्ट धारा केली जाई. संपर्कबिंदू झिजत, पट्टीची गुणगुण ऐकू येई. तरी पुढची दोन दशके मोटारीतले संगीत याच पट्टीवर अवलंबून राहिले.

१९४७ साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला. त्याला दोनशे व्होल्टची गरज नव्हती. १९५५ साली क्रायस्लर आणि फिल्को या कंपन्यांनी पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या मोटारींत १२ व्होल्टच्या बॅटऱ्या रूढ होत होत्या. व्हायब्रेटर निवृत्त झाला.

परंतु ऐकणाऱ्यांना आता आवाज मोठा हवा होता, आणि इथे साधे गणित आड आले. इंजिन चालू असताना दाब सुमारे १४ व्होल्ट असतो. स्पीकरचे एक टोक स्थिर ठेवले तर दुसरे टोक दोन्ही बाजूंना जेमतेम ७ व्होल्ट हलते. परिणामी मूल्य झाले ५ व्होल्ट. स्पीकर ४ ओहमचा धरला तर शक्ती २५ भागिले ४, म्हणजे सुमारे ६ वॅट. दोन्ही टोके एकमेकांच्या उलट हलवली तर दाब दुप्पट आणि शक्ती चौपट, म्हणजे सुमारे २५ वॅट. याच्या पुढे १४ व्होल्टमध्ये जाता येत नाही.

बोलणे ऐकायला एवढे पुष्कळ झाले. खर्जाला मात्र पुरत नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले, की कमी वारंवारतेचे स्वर आपल्या कानाला मंद ऐकू येतात. त्यांचा मोठेपणा जाणवण्यासाठी हवा फार जोराने हलवावी लागते. सबवूफरचा पडदा मोठा असतो तो यासाठी, आणि त्याला शेकडो वॅट लागतात तेही यासाठी.

तेव्हा १९७० च्या दशकापासून मोटारींसाठी स्वतंत्र, शक्तिशाली अ‍ॅम्प्लिफायर येऊ लागले. त्यांनी जुनीच युक्ती नव्या रूपात आणली: आधी धारा तोडायची, मग रोहित्राने दाब वाढवायचा. आता तोडणारी पोलादी पट्टी नाही, ट्रान्झिस्टर आहे, आणि तो सेकंदाला हजारो वेळा धारा तोडतो. वारंवारता वाढली की रोहित्राचा गाभा लहान चालतो. म्हणून तळहातावर मावेल एवढे फेराइटचे कडे शेकडो वॅट पेलते.

दाब वाढला, पण ऊर्जा फुकट मिळत नाही. समजा, अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीकडून ५०० वॅट घेतो. घरातल्या २३० व्होल्टवर यासाठी दोन-सव्वादोन अँपिअर पुरतात. १२ व्होल्टवर ४० अँपिअरहून अधिक लागतात. आता ५ मीटर लांबीची तांब्याची तार घेऊ. तिचा छेद दीड चौरस मिलिमीटर असेल तर रोध होतो सुमारे ०.०५७ ओहम. ४० अँपिअरला तिच्यातच सुमारे ९२ वॅट उष्णता होईल आणि २ व्होल्टहून अधिक दाब वाया जाईल. १६ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर उष्णता ९ वॅटच्या आत राहते. जाड तार लावण्यामागे हे कारण आहे.

फ्यूज, म्हणजे वितळतार, कुठे बसवायची हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. ती अ‍ॅम्प्लिफायरपाशी बसवली की काम झाले, असा समज आढळतो. पण बॅटरीपासून निघालेली तार पत्र्यातून आत येते. भोकात रबरी कडे नसेल तर धक्क्यांनी तिचे आवरण घासते, तांबे पत्र्याला टेकते आणि शेकडो अँपिअर धारा वाहू लागते. ही धारा अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे तिथली वितळतार शाबूत राहते आणि तार पेट घेते. म्हणून मुख्य वितळतार बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवी. ती अ‍ॅम्प्लिफायरचे नव्हे, तारेचे रक्षण करते. परतीची तारही तेवढीच जाड, आखूड आणि रंग खरवडलेल्या पत्र्याला घट्ट आवळलेली असावी, कारण तीच धारा तिच्यातूनही जाते.

यातला पहिला भाग वर्गात दाखवता येतो. लहान रोहित्राच्या कमी व्होल्टच्या बाजूला दीड व्होल्टचा घट जोडावा आणि जास्त व्होल्टच्या बाजूला निऑनचा लहान दिवा. ही जोडणी शिक्षकांनी स्वतः करावी; निऑनच्या बाजूच्या उघड्या टोकांना कोणीही हात लावू नये. घट जोडलेला असताना दिवा विझलेलाच राहतो. जोड तोडला की क्षणभर लकाकतो. पाठ्यपुस्तकातल्या त्या एका गुणाच्या वाक्याचा उत्तरार्ध असा मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.