फूल, डोळे येणे आणि नेत्रदान : मुंबईच्या नेत्रवैद्यकाच्या इतिहासातील तीन शब्द

१

घड्याळाच्या तबकडीवर काच असावी त्याप्रमाणे डोळ्याच्या पुढील भागावर जो पारदर्शक पडदा असतो, त्यास शास्त्रीय मराठीत स्वच्छमंडल असे म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, आणि त्याच्या तंतूंची मांडणी इतकी नियमित असते की प्रकाश न विखुरता आत जातो. बोलभाषेत मात्र या पडद्याला स्वतंत्र नाव नाही. बुबुळ हा शब्द डोळ्यातील काळ्या भागास लावला जातो. तो भाग ज्या काचेतून दिसतो ती काच आणि तिच्यामागचा रंगीत पडदा यांत बोली भेद करीत नाही. जे निरोगी असताना दिसतच नाही, त्याला नाव देण्याची गरज लोकव्यवहारास भासली नाही. नाव पडले ते त्याच्या विकृतीला, आणि ते म्हणजे फूल.

रोगांची लोकप्रचलित नावे बहुधा बाह्य लक्षणावरून पडतात. त्यामुळे ती रोगाचे दृश्य रूप सांगतात, कारण सांगत नाहीत. शिवाय अनेक कारणांची फळे एकाच नावाखाली गोळा करतात. गेल्या दोन शतकांत मुंबईत स्वच्छमंडलाच्या विकारांविषयी आणि डोळ्यांच्या साथींविषयी जे ज्ञान वाढले, त्यातील महत्त्वाचे टप्पे अशा नावांच्या आत शिरून पाहिल्यानेच गाठले गेले, असे दिसते. फूल, डोळे येणे आणि नेत्रदान या तीन शब्दांच्या आधारे हा क्रम पाहता येतो.

२

डोळ्यात फूल पडणे म्हणजे बुबुळावर पांढरा डाग पडणे. हिंदीत फूली, गुजरातीत फूलुं अशी याच अर्थाची रूपे आहेत, आणि संस्कृत कोशांतही पुष्प हा शब्द एका नेत्ररोगाच्या अर्थाने नोंदलेला आढळतो. वैद्यकाची परिभाषा मात्र पूर्वीपासूनच याहून बारीक होती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग सांगितले असून त्यांपैकी ४ कृष्णमंडलाचे, म्हणजे डोळ्याच्या काळ्या भागाचे, आहेत. या चारांत सव्रण शुक्र आणि अव्रण शुक्र असे दोन निराळे रोग मोजले आहेत. पहिल्यात व्रण असतो, दुसऱ्यात तो नसून केवळ पांढरेपणा असतो.

हा भेद केवळ शास्त्रार्थापुरता नाही. व्रण चालू असतो तोवर औषधाला वाव असतो. व्रण भरून वण राहिला की तंतूंची नियमित मांडणी कायमची मोडते आणि कोणत्याही थेंबाने ती पूर्ववत होत नाही. बोलीतील फूल हा शब्द मुख्यतः या दुसऱ्या अवस्थेचा आहे. साहजिकच, ‘फूल पडले’ असे म्हणण्याची वेळ येई, तेव्हा उपचाराची वेळ बहुधा टळून गेलेली असे. चुन्याची कळी उडून झालेली भाजणी, काटा किंवा खडा लागून झालेली इजा, जुन्या खुपऱ्यांनी आत वळलेल्या पापण्यांचे घर्षण, अपुऱ्या पोषणात आलेला गोवर आणि देवी या सर्वांचा शेवट त्या एकाच शब्दात होई.

यांपैकी देवीचा विचार मुंबईच्या संदर्भात विशेष करावा लागतो. या रोगाचे मराठी नावच देवतेचे आहे. माहीमचे शीतलादेवीचे मंदिर त्याच श्रद्धेची साक्ष देते. देवीच्या दुखण्यात बुबुळावर व्रण होऊन पुष्कळ मुले जन्मभराची आंधळी होत. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीस लस टोचण्यात आली. बगदाद आणि बसरा या मार्गाने आलेली ती लस हिंदुस्थानात यशस्वी झालेली पहिली होय, आणि तिच्यापासूनच पुढे इतर प्रांतांत लस पोहोचली. भाषेने या घटनेचा स्वीकार मोठ्या मार्मिक रीतीने केला. ‘देवी येणे’ आणि ‘देवी टोचणे’ या दोन प्रयोगांत रोग आणि त्याचा प्रतिबंध या दोहोंना एकच नाव राहिले.

१८४५ मध्ये भायखळ्यास ग्रँट मेडिकल कॉलेज व जमशेटजी जिजीभाई रुग्णालय सुरू झाले. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या कॉलेजच्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी आणि आत्माराम पांडुरंग हे होते. आत्माराम हे मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे धाकटे बंधू. १८६७ मध्ये प्रार्थना समाजाची स्थापना झाली तीत त्यांचा पुढाकार होता. रोगांच्या नावांचा प्रश्न आणि भाषेच्या नियमांचा प्रश्न असे एकाच घरात नांदत होते. १८६१ मध्ये याच कॉलेजात मराठीतून वैद्यक शिकविण्याचा वर्ग निघाला आणि शरीराच्या ज्या भागांना बोलीत नावे नव्हती, त्यांना ती देणे भाग पडले. त्याच दशकात सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून याच आवारात नेत्ररुग्णालय उभे राहिले.

मुंबई शहरात १८७७ च्या कायद्याने देवी टोचणे सक्तीचे झाले, तरी रोगाचा पूर्ण नायनाट होण्यास आणखी जवळजवळ एक शतक लागले. भारतातील शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ मध्ये आढळला, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. खुपऱ्यांचा रोगही सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून नाहीसा झाल्याची मान्यता त्या संघटनेने २०२४ मध्ये दिली. ज्या रोगांनी अनेक फुले पाडली त्यांचा बंदोबस्त शस्त्रक्रियेने झाला नाही. तो लस, स्वच्छता आणि पोषण यांनी झाला, ही गोष्ट नेत्रवैद्यकाच्या इतिहासात पुरेशा ठळकपणे नोंदली जात नाही.

३

दुसरा शब्दप्रयोग डोळे येणे हा. हिंदी व गुजरातीतही डोळे ‘येतात’च, बंगालीत ते ‘उठतात’. येणे या क्रियापदात जाणेही गृहीत आहे. आलेले डोळे चार-आठ दिवसांत जातात, हा समज अनुभवाला धरून आहे, आणि म्हणूनच या दुखण्याची गणना क्षुल्लक विकारांत होते.

१९७१ च्या साथीने या समजाला धक्का दिला. डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरविणारे हे नवे दुखणे १९६९ मध्ये आफ्रिकेतील घाना देशात प्रथम दिसले. चंद्रावरच्या स्वारीचे ते वर्ष. तेथील लोकांनी त्यास अपोलो ११ चे नाव दिले. कलकत्त्यास ते पोहोचले तेव्हा बांगला देशाचे मुक्तियुद्ध चालू होते आणि निर्वासितांचे लोंढे येत होते, म्हणून तेथे ते ‘जय बांगला’ झाले. मुंबईतही त्याच वर्षी त्याची मोठी साथ आली. हात, रुमाल आणि पंचे यांच्यावाटे पसरणाऱ्या या रोगाला लालबाग-परळच्या चाळींसारखी दाट वस्ती, जेथे एका खोलीत अनेक माणसे आणि एका नळावर अनेक बिऱ्हाडे असत, फार अनुकूल होती.

जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारांचा विभाग उभारणारे डॉ. नोशिर वाडिया यांच्यापुढे याच सुमारास काही चमत्कारिक रुग्ण आले. प्रौढ वयाच्या माणसांच्या कमरेत व पायांत वेदना होऊन पाय लुळे पडत होते. लक्षणे पोलिओसारखी, परंतु वय पोलिओचे नव्हे. या रुग्णांना काही दिवसांपूर्वी किंवा आठवड्यांपूर्वी डोळे येऊन गेलेले होते. वाडिया व त्यांचे सहकारी यांनी १९७२ आणि १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. साथीस कारण झालेला विषाणू पोलिओच्याच कुळातील असून तो पुढे एंटेरोव्हायरस ७० या नावाने ओळखला गेला. १९८१ मध्ये मुंबईत साथ पुन्हा आली, तेव्हा रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून हा संबंध अधिक पक्का करण्यात आला. ते संशोधन १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले.

पाय लुळे पडलेला रुग्ण आपले डोळे आले होते हे आपणहून सांगेल, अशी अपेक्षा करता येत नाही. भाषेने ज्याची गणना क्षुल्लकात केली, ते स्मरणातूनही लवकर उतरते. अशी गोष्ट विचारूनच काढावी लागते. वाडियांच्या संशोधनाचे मोल विषाणूच्या शोधाइतकेच या प्रश्नात आहे.

४

पडलेले फूल काढता येत नसले तरी त्या जागी दुसऱ्याचे स्वच्छमंडल बसविता येईल, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील. ७ डिसेंबर १९०५ रोजी आज चेक देशात असलेल्या ओलोमोउत्स येथे एडुआर्ड त्सिर्म यांनी मानवी स्वच्छमंडलाचे पहिले यशस्वी रोपण केले. त्यांचा रुग्ण चुन्याने डोळे भाजलेला एक मजूर होता. पुढे सोव्हिएत संघात फिलातोव्ह यांनी मृताच्या डोळ्यातील पडदा या कामी येतो हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध केले आणि प्रश्न शस्त्रक्रियेकडून संमतीकडे वळला. मुंबई राज्याने १९५७ मध्येच स्वच्छमंडल-रोपणाविषयी स्वतंत्र कायदा केला. १९९४ चा मानवी अवयव-प्रत्यारोपणाचा केंद्रीय कायदा प्रथम ज्या राज्यांना लागू झाला, त्यांतही महाराष्ट्र होता.

कायद्याच्या इंग्रजी नावात केवळ त्या पडद्याचा उल्लेख होता. लोकांपुढे मात्र शब्द आला तो नेत्रदान. या शब्दाचे सामर्थ्य उघड आहे. दानाची कल्पना या समाजात खोल रुजलेली असल्याने एक अपरिचित वैद्यकीय कृती पुण्यकर्मांच्या मालिकेत जाऊन बसली. तथापि त्याच शब्दाने दोन अडचणीही निर्माण केल्या. पहिली अशी की, तो संपूर्ण डोळ्याविषयी बोलतो. रोपणास उपयोगी पडतो तो पुढचा पातळ पडदा. आता पुष्कळदा तेवढाच काढून घेतात. परंतु शब्द ऐकणाऱ्याच्या मनासमोर रिकाम्या खाचा उभ्या राहतात, आणि चेहरा विद्रूप होत नाही हे प्रत्येक पत्रकात नव्याने सांगावे लागते. दुसरी अडचण अशी की, दान दाता स्वहस्ते करतो. येथे दाता मृत असतो. त्याने प्रतिज्ञापत्र भरले असले तरी प्रत्यक्षात निर्णय घरच्यांना, तोही सुमारे सहा तासांच्या आत, घ्यावा लागतो. ज्यांना शब्दाने केवळ साक्षीदार मानले, तेच खरे कर्ते ठरतात. रुग्णालयांत रूढ झालेला बुबुळरोपण हा शब्द पहिल्या अडचणीवर अंशतः उपाय आहे. दुसरीसाठी मराठीत अद्याप शब्द नाही.

५

अलीकडच्या काळात निरोगी स्वच्छमंडलावरही शस्त्रक्रिया होऊ लागली आहे. डोळ्याच्या एकूण केंद्रीकरणशक्तीपैकी सुमारे दोन तृतीयांश या पडद्याच्या वक्रतेत असते; ती बदलली की चष्म्याची गरज उरत नाही. १९८१ मध्ये आय. बी. एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, एक्सायमर लेसरच्या किरणांनी भोवतालचा भाग न भाजता ऊतींचे अत्यंत पातळ थर उडविता येतात. १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासह त्यांनी हा प्रयोग स्वच्छमंडलावर केला. त्यातूनच आजच्या लेसर-शस्त्रक्रिया निघाल्या. दादर-गिरगावातील बोलीत या उपचाराचे नाव ‘नंबर घालविणे’ असे आहे. शल्यवैद्य पडद्याला आकार देतो; बोलीला दिसतो तो गेलेला नंबर. दृश्य फळावरून नाव देण्याची जुनी रीत येथेही टिकून आहे.

या नावाआडही एक प्रश्न दडला आहे. लेसरने घडविलेले स्वच्छमंडल पूर्ण जाडीच्या रोपणास चालत नाही. त्याचा आतील थर मात्र, तो निरोगी असल्यास, विशिष्ट रोपणांत उपयोगी पडू शकतो. म्हणून नेत्रपेढीच्या कर्मचाऱ्यास मृताच्या आप्तांना हेही विचारावे लागते की, त्यांनी नंबर घालविला होता काय. दुःखाच्या त्या घडीस हा प्रश्न असंबद्ध वाटण्याचा संभव आहे, आणि तो कोणत्या शब्दांत विचारला जातो यावर पुष्कळदा उत्तर अवलंबून राहते. परिभाषा घडविणाऱ्यांचे लक्ष आजवर पाठ्यपुस्तकांकडे राहिले. त्या सहा तासांत रुग्णशय्येशी जी मराठी बोलली जाते, तिचा अभ्यास व्हावयाचा आहे.