चव आणि ओळख

मराठीत माणसाला आपण ‘ओळखतो’, गोष्ट मात्र ‘ठाऊक असते’. स्पॅनिशमध्येही माहिती व कौशल्यासाठी ‘साबेर’, तर व्यक्ती व स्थळांच्या परिचयासाठी ‘कोनोसेर’ योजतात. या भेदामागील इतिहास आम्हांला अधिक उद्बोधक वाटतो. ‘जाणणे’ या अर्थाचे लॅटिन ‘स्कीरे’ स्पॅनिशमध्ये टिकले नाही. त्याची जागा ‘सापेरे’ने घेतली; त्याचा मूळ अर्थ ‘चव असणे’, पुढे ‘विवेक असणे’. पदार्थाची चव सांगताना आजही ‘साबेर’च वापरतात. ‘कोनोसेर’ आले ‘कोग्नोस्केरे’पासून, त्याचा धातू संस्कृत ‘ज्ञा’चा, म्हणून आपल्या ‘जाणणे’चाही सगोत्र. कविता तोंडपाठ असेल तर ‘साबेर’, तिच्याशी परिचय असेल तर ‘कोनोसेर’. आमच्या प्रश्नपत्रिका बहुधा पहिल्याच क्रियापदापाशी थांबतात.